घरात इंटरनेट ३ टक्के, २४ टक्के की ८६ टक्के? देशादेशांची तुलना करायची कशी?

भूगोलाच्या बाई

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवते. नववीच्या मुलांकडून भिंतीवर लावायला एक मोठा तक्ता करून घेतेय. कुठल्या देशात किती घरांत टेलिफोन, किती घरांत इंटरनेट, असा. पाच-सहा देश, रंगीत पट्ट्या, खाली जगाचा नकाशा. पण भारताच्या पहिल्याच पट्टीवर गाडी अडली आहे.

२०११ ची जनगणना म्हणते, इंटरनेट असलेली घरं ३.१ टक्के. राष्ट्रीय नमुना पाहणीची ७५ वी फेरी, २०१७-१८ ची, म्हणते २३.८ टक्के, त्यात ग्रामीण १४.९ आणि शहरी ४२. आणि २०२५ च्या जानेवारी ते मार्चमध्ये जी दूरसंचार पाहणी झाली ती म्हणते ८६.३ टक्के. डेटा स्वस्त झाला, २०१६ नंतर सगळ्यांच्या हातात फोन आले, हे मलाही दिसतंय. पण मग २०१९-२१ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं की १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी इंटरनेट वापरलेल्या फक्त ३३.३ टक्के, आणि पुरुष ५७.१ टक्के. हे सगळे आकडे सरकारीच. एकमेकांशेजारी ठेवले की भांडतात.

दुसरी गंमत मोबाईलची. हाँगकाँगमध्ये दर शंभर माणसांमागे मोबाईल दोनशेच्या वर. आमचा एक पोरगा म्हणाला, "बाई, म्हंजे तिथे कुत्र्यामांजरांनापण फोन आहेत." वर्ग हसला, मीही हसले, पण त्याला उत्तर द्यायचं राहिलंच आहे.

वर्गातच विचारून बघितलं. "कोणाकोणाच्या घरी इंटरनेट आहे?" जवळजवळ सगळे हात वर. मग विचारलं, "काल संध्याकाळी घरी बसून नकाशा कोणाला उघडता आला असता?" निम्म्याहून जास्त हात खाली आले. कोणाचा बाबा फोन घेऊन बोटीवर, कोणाच्या दादाचा डेटा संपलेला, एकीच्या आईचा फोन चालू पण पडदा फुटलेला, फक्त बोलता येतं. आता या मुलांची घरं मी 'आहे' मध्ये धरू की 'नाही' मध्ये?

तर प्रश्न असा की तक्त्यावर भारताची कुठली पट्टी लावू, आणि ती इतर देशांच्या कुठल्या आकड्याशेजारी लावली तर ती तुलना खरी ठरेल? इथे टेलिफोन खात्यातले एक नाना आहेत असं ऐकलंय. त्यांनी लिहिलं तर बरं होईल.

सडेकर

बाई, आमच्या वाडीचा आकडा लिहून घ्या. घरात शून्य टक्के, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, शंभर टक्के. घरं खाली खलाटीत, टॉवर पलीकडच्या अंगाला, आणि मध्ये आमचा डोंगर. दिवेलागणीला सड्यावर या, अख्खी वाडी कातळावर बसलेली दिसेल, प्रत्येकाची जागा ठरलेली. आमच्या वहिनीची जागा कोणी बळकावली तर तिथे भांडण होतं. हे कुठल्या रकान्यात बसवायचं ते शहाण्यांनी सांगावं.

नाना, तुम्हाला बोलावणं आलंय हो.

खांबावरचे नाना

आलो. जेवण झाल्यावर लिहायला बसलोय, तेव्हा लांबेल. सडेकर टवाळी करतात, पण बाईंची अर्धी अडचण त्यांनी चार ओळींत सांगून टाकली आहे.

माझी सगळी नोकरी टेलिफोनची. लाईनमन म्हणून लागलो तेव्हा पोस्ट आणि तार खातं एकच होतं, १९८५ ला त्याची दोन खाती झाली. राजापूर, लांजा, मग तुमच्या गुहागरकडे. त्या काळी किती घरांत फोन आहे हे मोजायला कोणा पाहणीवाल्याची गरज नव्हती. खांबावरून जी तार उतरून पडवीत शिरते तेवढी घरं. तार घराला बांधलेली. बाप बोटीवर गेला, मुलगा मुंबईस गेला, सून माहेरी गेली, तरी फोन माजघराच्या कोनाड्यात, वर क्रोशाचा रुमाल. म्हणून 'फोन असलेलं घर' हे माप तेव्हा अगदी चोख बसत होतं. तारेचा फोन म्हणजे परसातली विहीर, मोबाईल म्हणजे ज्याच्या त्याच्या कमरेची पाण्याची बाटली. आणि आता जगभर काय चाललंय, तर बाटल्या मोजून किती परसांत विहीर आहे ते सांगतायत.

आता तुमचे आकडे एकेक घेऊ.

जिनिव्हात आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ आहे. १८६५ साली तारायंत्रासाठी स्थापन झाला, १९४७ पासून संयुक्त राष्ट्रांच्या घरातला. देशोदेशीचे आकडे त्यांच्याकडे जमतात. ते तीन निरनिराळ्या गोष्टी मोजतात आणि लोक त्यांची खिचडी करतात. पहिली गोष्ट, दर शंभर माणसांमागे किती जोडण्या. हा आकडा कंपन्यांच्या वहीतून येतो, कोणी कोणाच्या दारात जात नाही. त्यात सिमकार्डं मोजली जातात. तुमच्या त्या पोराला सांगा की हाँगकाँगमध्ये एकेकाकडे दोन-दोन सिम असतात, पाहुण्यांनी घेतलेली असतात, म्हणून दोनशेच्या वर. लांब कशाला जायचं, आपल्याकडेही शहरांतली दूरध्वनी घनता शंभराच्या वर आहे आणि खेड्यांतली साठाच्या आसपास. मुंबईतल्या चाकरमान्याने तिथे घेतलेलं सिम मुंबईच्या परिमंडळात मोजलं जातं, गणपतीला तो इथे येऊन आमचा टॉवर तुंबवतो तेव्हासुद्धा.

दुसरी गोष्ट, किती टक्के घरांत इंटरनेट. हे दारात जाऊन विचारतात. तिसरी, किती टक्के माणसांनी गेल्या तीन महिन्यांत इंटरनेट वापरलं. २०२४ चा जगाचा जो आकडा सगळीकडे फिरतो, ६८ टक्के लोक म्हणजे ५५० कोटी, तो या तिसऱ्या मापाचा. उरलेले २६० कोटी बाहेर. श्रीमंत देशांत ९३ टक्के, अगदी गरीब देशांत २७. बाई, तुमच्या तक्त्यात घरांची पट्टी असेल तर हा आकडा तिथे घेऊ नका, हा माणसांचा आहे. आणि कुटुंब आरोग्यवाले विचारतात, "कधी तरी वापरलंय का?" ते चौथंच माप. म्हणून तुमचे आकडे भांडतायत. चौघांनी चार प्रश्न विचारले, उत्तरं एक कशी येतील?

आता ३.१ टक्क्यांचं कोडं. २०११ च्या जनगणनेत इंटरनेटचा स्वतंत्र प्रश्नच नव्हता. प्रश्न होता संगणकाचा, घरात संगणक किंवा लॅपटॉप आहे का, असल्यास इंटरनेटसह की इंटरनेटशिवाय. मोबाईलवर नेट असलं तर ते लिहायला जागाच नव्हती. शिवाय घरयादीचं, म्हणजे माणसं मोजण्याआधी घराघरांत फिरून घरांची माहिती लिहिण्याचं, ते काम झालं २०१० मध्ये. तर ३.१ म्हणजे 'इंटरनेट असलेली घरं' असं लिहिणं चूक, ती 'इंटरनेटवाला संगणक असलेली घरं' आहेत. २०२५ च्या पाहणीत मोबाईलवरचंही धरलंय, आणि त्याच पाहणीत ८५.५ टक्के घरांत निदान एक स्मार्टफोन निघाला. निदान एक! ८६.३ आणि ८५.५ शेजारी ठेवून बघा, म्हणजे ते इंटरनेट घरात कशातून येतंय ते कळेल. मधले २३.८ आणि ८६.३ हे एका जातीचे, त्यांची तुलना चालेल. ३.१ ला त्या रांगेत उभं करू नका.

टेलिफोनच्या पट्टीत मात्र मजा आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण यात माझी हयात गेली. २००१ च्या जनगणनेत देशातल्या ९.१ टक्के घरांत टेलिफोन होता. २०११ ला ६३.२ टक्के. काय झेप! आता ती ६३.२ फोडा. नुसता तारेचा फोन ४ टक्के, नुसता मोबाईल ५३.२, दोन्ही ६. म्हणजे तार असलेली घरं चार आणि सहा, दहा टक्के. नवापासून दहापर्यंत. दहा वर्षं आम्ही जांभ्यात खड्डे मारून खांब उभे केले, पहारी बोथट झाल्या, आणि शेकडेवारीत एक टक्कासुद्धा पुरता वाढला नाही. घरांची संख्या वाढली म्हणून जोडण्या वाढल्या, ते सोडा. बाकी सगळी वाढ विनातारेची.

याच्याशेजारी अमेरिका ठेवा, तुमच्या मुलांना आवडेल. तिथे १९३० च्या सुमारास साधारण ४१ टक्के घरांत टेलिफोन होता. मग मंदी आली आणि १९३३ पर्यंत तो ३१ वर घसरला. लोकांनी फोन काढून टाकले! भाडं परवडेना. निम्म्या घरांत फोन पोचायला दुसरं महायुद्ध संपावं लागलं. तिकडे पिढ्यानपिढ्या लागल्या ते आपल्याकडे एका दशकात झालं हे खरं, पण त्यांच्याकडे तार पोचली होती आणि आपल्याकडे बाटली. आजही अमेरिकेचं जनगणना खातं विचारतं तेव्हा नुसतं 'इंटरनेट आहे का' म्हणून थांबत नाही. पैसे भरून घेतलेलं आहे का, मोबाईल डेटा की केबल-फायबर की उपग्रह की जुनं डायल-अप, असं खोदून विचारतं. २०१३ पासून विचारतात. तेव्हा अमेरिकेचा आकडा घ्याल तर त्यातला कुठला, ते बघून घ्या. युरोपातही घराघरांत विचारतात, तिथे आता ९३-९४ टक्के घरं.

जुन्या दरीचं एक वाक्य तक्त्यावर जरूर लिहा. याच जिनिव्हाच्या संघाने नेमलेल्या मेटलंड आयोगाचा अहवाल १९८५ च्या जानेवारीत निघाला. त्यात म्हटलंय की जगातल्या साठ कोटी टेलिफोनांपैकी तीन चतुर्थांश अवघ्या नऊ देशांत आहेत, आणि एकट्या टोकियो शहरात सगळ्या आफ्रिका खंडापेक्षा जास्त फोन आहेत. तेव्हा आफ्रिकेची वस्ती पन्नास कोटी. आणि तेव्हा आमच्याकडे काय परिस्थिती होती? ट्रंक कॉल लावून लोक एक्स्चेंजच्या पायरीवर बसायचे, डबा घेऊन.

पण त्याच काळात एक गोष्ट होती जी कुठल्याच पट्टीत येत नाही. पी.पी. नंबर. जुनी लग्नपत्रिका काढून बघा कोणाची. नंबराच्या पुढे कंसात पी.पी. म्हणजे फोन दुकानदाराचा किंवा गावातल्या डॉक्टरांचा, निरोप आमच्यासाठी. फोन आला की दुकानातला पोरगा पळत जायचा, "गो काकी, मुंबयचा फोन!" आणि काकी हात पुसत पुसत धावत यायची, तोपर्यंत पलीकडचा माणूस मिनिटांचे पैसे मोजत धरून ठेवायचा. जनगणनेच्या हिशेबी काकीच्या घरात फोन नाही, आणि ते बरोबरच आहे. पण सगळ्या वाडीला मुंबईचा निरोप पोचत होता. बांगलादेशात १९९७ पासून हाच धंदा पद्धतशीर उभा राहिला. बचत गटासारख्या कर्जावर गावातली एक बाई मोबाईल घ्यायची आणि गावाला पैसे घेऊन बोलू द्यायची. फोन एका घरात, वापर सगळ्या गावाचा. आज नेमकं उलट झालंय. फोन प्रत्येक घरात, आणि घरातल्या निम्म्या माणसांना हात लावायला मिळत नाही.

संघाची व्याख्या त्यामुळेच कडक आहे. घरातल्या सगळ्यांना, सर्व वेळ, वापरता येईल असं इंटरनेट हवं, आणि जोडणी चालू हवी. मग कोणी वापरो न वापरो. तुमच्या वर्गातला दुसरा प्रश्न, ज्याला हात खाली आले, तो या व्याख्येच्या जास्त जवळचा आहे. बोटीवर गेलेला फोन काटेकोर बघितलं तर घरचा धरता येत नाही.

'चालू हवी' यावरून आठवलं. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली, सगळं आडवं. वीज गेली, टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या, डिझेल पोचवायला रस्ते नाहीत. घरात तीन-तीन फोन, आणि मुंबईच्या पोरांना आई-बाप जिवंत आहेत की नाहीत ते कळेना. तांब्याच्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून तारेवरूनच यायची, अठ्ठेचाळीस व्होल्ट. घरात काळोख असला तरी डायल टोन मिळायचा, तार शाबूत असेल तर. अर्थात त्या वादळात खांबही आडवे झाले, तेव्हा मी काही जुन्याचे गोडवे गात नाही. आणि हल्लीचं फायबर आलंय त्याचा डबा घरच्या विजेवर चालतो, वीज गेली की तोही बंद. हे फक्त सांगून ठेवतो. पाहणीवाला उन्हाळ्यात येऊन 'आहे' लिहून गेला, त्याचा अर्थ श्रावणात आहे असा होत नाही.

कुडाळची ताई

नानांनू, एक नंबर लिवलास! मी प्राथमिक शिक्षिका, २०१० च्या घरयादीला मी घराघरांत फिरले आहे. बाई, आकडा कसा तयार होतो ते दारातून सांगते.

एक म्हातारी, एकटीच. विचारलं, "आजी, फोन आसा?" म्हणाली, "आसा मगे. झिलाकडे, मुंबयक." झील, म्हणजे मुलगा, तिथे राहतो, त्याचा फोन इथे धरायचा नाही. मग आतून एक बटणवाला डबा काढला, उशीखाली ठेवलेला. "ह्यो पण आसा. माका हिरवा बटान दाबूक येता, बाकी काय येणा नाय." झालं, माझ्या तक्त्यात 'फक्त मोबाईल'. तिच्या आणि तिच्या शेजारच्या इंजिनीअरच्या घरी तोच सांकेतिक आकडा, दोन. आम्हाला त्याहून जास्त विचारायला सांगितलंच नव्हतं.

दुसरं म्हणजे 'घर' कशाला म्हणायचं. जनगणनेत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. आमच्याकडे एकाच घरात दोन भाऊ, मधोमध भिंत, दोन चुली. धाकट्याकडे वायफाय, थोरल्याच्या पोरांना पासवर्ड दिलेला नाही. एक छप्पर, पण दोन कुटुंबं, एकात 'आहे' एकात 'नाही'. पोरं मात्र मधल्या भिंतीला टेकून बसतात, सिग्नल धरायला. पासवर्ड कधीच फुटलाय.

आणि बंद घरं! २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, रत्नागिरीची जास्त. कुलूप लावलेल्या घरांत कुटुंब नाही, म्हणून ती टक्केवारीच्या बाहेर. हल्ली तर या बंद घरांवर कॅमेरे लावलेत, मालक बोरिवलीत बसून आपला अंगण बघतो. म्हणजे त्या घरात इंटरनेट चोवीस तास चालू आणि माणूस एक नाही! कंपनीच्या वहीत ती जोडणी मोजली गेली, पाहणीत घर मोजलंच नाही. शेजारच्या घरात माणसं आहेत आणि रिचार्ज नाही. २०१८ पासून रिचार्ज संपला की येणारे फोनही बंद व्हायला लागले, त्यापूर्वी निदान कोणी आपल्याला फोन करू शकायचं. तसल्या घराचा फोन धरायचा की नाही, यावर आमच्या प्रशिक्षणात काही नव्हतं, कारण तेव्हा ही भानगडच नव्हती.

२०२१ च्या जनगणनेसाठी म्हणून जी प्रश्नावली जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाली तिच्यात इंटरनेटचा वेगळा प्रश्न आला आहे, संगणकाचा वेगळा, आणि टेलिफोनच्या प्रश्नात स्मार्टफोनचंही नाव आहे. त्यामुळे जनगणनेचा पुढचा आकडा मागच्या ३.१ शी लावून कोणी "किती पटीने वाढ" असं छापलं की समजायचं, नानांचा प्रतिसाद त्याने वाचलेला नाही.

आंजर्ल्याचा, सध्या शारजा

बाई, तक्त्यात संयुक्त अरब अमिरात घेणार असाल तर ती पट्टी शंभराला टेकेल. घराघरांत फायबर, लिफ्टमध्येसुद्धा रेंज. पण त्या पट्टीखाली बारीक अक्षरात लिहा की इथे व्हॉट्सअ‍ॅपवरून घरी बोलता येत नाही, कॉल लागतच नाही. परवानगी असलेली वेगळी अ‍ॅप घ्यावी लागतात. इथे नेट धावतंय, दापोलीत आईच्या फोनवर दोन दांड्या येतात, आणि तरी आम्ही व्हॉइस मेसेज पाठवून बोलतो. ती ऐकते, मग सड्यावर जाऊन उत्तर पाठवते. (सडेकर, तुमच्यासारखाच आमचाही सडा.)

अजून एक. आम्ही एका खोलीत आठ जण राहतो, कंपनीच्या जागेत. घरांची पाहणी होते तेव्हा असल्या कामगार वसत्या बहुतेक देशांत तिच्या बाहेर राहतात, त्यांना 'घर' म्हणत नाहीत. मग शंभर टक्के घरांत इंटरनेट म्हणजे आम्हाला सोडून शंभर टक्के. आखातातल्या पट्ट्या बघताना एवढं ध्यानात असू द्या, कारण तिकडे आमच्यासारख्यांचीच संख्या जास्त आहे. आमच्या खोलीत नेट आहे, तशी तक्रार नाही. वर्गणी काढून घेतलंय. ज्याने वर्गणी चुकवली त्याला आम्हीही पासवर्ड देत नाही, कुडाळच्या धाकट्या भावासारखं.

भूगोलाच्या बाई

सगळ्यांचे आभार, वर्गात हा धागाच वाचून दाखवते आता. पोरांनी कुत्र्यामांजरांचं उत्तर ऐकून टाळ्या वाजवल्या तर नानांना कळवीन.

मग असं ठरवू का? जगाच्या तक्त्यात इंटरनेटसाठी फक्त 'घरांची टक्केवारी' घेते, सगळ्या देशांची एकाच प्रकारची. भारताचे २३.८ आणि ८६.३ दोन पट्ट्या, ३.१ वेगळ्या चौकटीत, का वेगळा ते लिहून. टेलिफोनसाठी भारत २००१ आणि २०११, पट्टीचे तुकडे पाडून. शेजारी अमेरिका १९३० आणि १९३३. आणि मुलांना आपल्याच गावाची पाहणी करायला लावते, म्हणजे प्रश्न विचारणं किती अवघड असतं ते कळेल. नाना, प्रश्न कोणते ठेवू? फार नकोत, नववीची पोरं आहेत, पाचव्या घरी पोचेपर्यंत सरबत पिऊन कंटाळतील.

खांबावरचे नाना

जगाचा तक्ता झकास होईल. एकच करा, प्रत्येक पट्टीच्या टोकाला साल घाला. एका देशाचं २०१८ आणि दुसऱ्याचं २०२४ शेजारी लागलं की मागचा देश उगाच मागासलेला दिसतो. या प्रकारात सहा वर्षं म्हणजे दुसरं युग.

फिनलंड घेताय का? घ्या. तिथे १ जुलै २०१० ला प्रत्येक नागरिकाला निदान एक मेगाबिट वेगाची जोडणी मिळणं हा कायद्याने हक्क झाला. आता एक मेगाबिट म्हणजे काहीच नाही, पण त्यांनी वेग धरून विचार केला. आपल्या 'आहे का' मध्ये वेग कुठेच येत नाही. सडेकरांच्या वहिनीला कातळावर जे मिळतं तेही 'आहे' आणि शारजाच्या लिफ्टमधलंही 'आहे'.

गावच्या पाहणीला प्रश्न मी असे ठेवीन. घरात चालू फोन किती, त्यातले नेटवाले किती. दिवसा घरात कोणता राहतो. तो घरातल्या बाईला कोणाला न विचारता वापरता येतो का. रेंज घरात कुठे येते, हे विचारू नका, पोरांनाच बघायला सांगा. स्वतःचा फोन घेऊन माजघरात उभं राहायचं, पडवीत उभं राहायचं, पाणंदीत उभं राहायचं, आणि लिहायचं. आमचा जुना रिवाज होता, ग्राहक म्हणतो फोन बंद आहे तर आधी स्वतः हँडसेट कानाला लावून बघ. डीपी बॉक्स, म्हणजे तारा जोडायची पेटी, उघडला की निम्म्या वेळा आत मुंग्यांचं वारूळ, आणि ग्राहक बिलाच्या नावाने बोंब मारत असायचा. विचारलेलं आणि बघितलेलं यात फरक पडतो. दोन्ही रकाने ठेवा.

चुलीचं ताईंनी सांगितलंय ते पाळा, छपरं मोजू नका. बंद घरांची वेगळी यादी करा, कॅमेरा असेल तर खूण करा, ती यादीच बघण्यासारखी होईल. पी.पी.चाही एक प्रश्न घाला, की दुसऱ्याच्या फोनवरून तुमचं काम चालतं का, कोणाच्या. अजून चालतं, बघाल. रेशनच्या दुकानात ओटीपी कोणाच्या फोनवर येतो तेवढं विचारलं तरी कळेल.

आणि पाहणी कधी करताय ते बघा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, बोटी शाकारलेल्या, बाप घरी, त्याचा फोन घरी. तेव्हा विचाराल तर किनाऱ्यावरच्या वाड्यांत घरोघरी इंटरनेट सापडेल. ऑगस्टमध्ये बोटी बाहेर पडल्या की त्याच घरांत दुपारी जाऊन विचारा. जुलैला एकदा, सप्टेंबरला एकदा करा. गणपतीचे दिवस मात्र टाळा, चाकरमान्यांचे फोन मोजलेत तर तुमचं गाव फिनलंडच्याही पुढे जाईल.

तक्ता झाला की फोटो टाका इथे. आमच्या वाडीत दुपारनंतर उघडतो.